दुसरं वाचन

सर, दिवाळीनंतर शाळा उघडली आणि आम्ही पुन्हा प्रश्नमंजुषेच्या सरावाला बसलो, त्या दिवशी एकही घंटा वाजली नाही.

मागची पत्र्याची खोली, जोडलेली दोन बाकं, त्यावर तुमची ती घंटांची फळी आणि फळीमागे आपली तिघं. ओंकार, सानिया, मधे प्रणाली. मी पहिला प्रश्न मुद्दाम सोपा काढला होता. वाचला. तिघांचे हात घंटेवर गेले आणि तिथेच राहिले. मला वाटलं येत नसेल. पण प्रणालीच्या चेहऱ्यावर उत्तर सरळ दिसत होतं, ती ओठ दाबून बसली होती. मग लक्षात आलं की ही थांबली आहेत. आणि खोटं कशाला बोलू, मीही थांबले होते. प्रश्न संपताच माझी मान खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळली होती. आता तुम्ही चष्मा काढणार, सदऱ्याच्या टोकाने पुसणार, घसा खाकरणार आणि डोळे मिटून तोच प्रश्न दुसऱ्यांदा म्हणणार. पोरांनीही तिकडेच पाहिलं. शेजारी आठवीचा जादा तास चालू होता, तेवढाच आवाज येत होता.

दुसरा प्रश्न वाचला. तेच. तिसरा वाचला. तेच. शेवटी मी फळी उचलून कपाटात ठेवली आणि त्यांना म्हटलं, आज पुरे.

तुम्हाला माणसं शांत करता येत नाहीत, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. तुमच्या तासाला पोरं दंगा करायची आणि तुम्ही त्यात सामील व्हायचात. मग आता ही शांतता कुठून आणलीत, सर? रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या खोलीत मी प्रश्न वाचायचे आणि प्रश्न संपला की ती येऊन बसायची. रिकामी म्हणावी तर नव्हती. कुणीतरी श्वास घेऊन बोलायला सुरुवात करणार, अशी ती असायची. मला त्या खोलीत एकटीला जायची भीती वाटू लागली. विज्ञान शिकवणारी बाई मी, हे कुणाला सांगायची सोय नाही. तुम्हाला सांगते.

या दुसऱ्या वाचनाचा जन्म पत्र्याखालचा. आपल्याकडे अकोले तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस पडतो म्हणजे काय, हे डोंगराच्या पलीकडच्या माणसाला सांगून कळत नाही. मी राहुरीची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. पहिल्या वर्षी जुलैत त्या खोलीत शिकवायला उभी राहिले तर माझाच आवाज मला ऐकू येईना. वरून कुणी खडी ओतावी तसा पत्रा वाजत होता आणि पोरं निवांत बसून माझे ओठ बघत होती. त्याच खोलीत तुम्ही प्रश्नमंजुषेचा सराव घ्यायचात. प्रश्न वाचायचात, तो पावसात बुडायचा. जोर जरा ओसरला की पुन्हा वाचायचात. "पहिलं वाचन पावसाचं, दुसरं आपलं," असं म्हणायचात. पोरांनी तो नियमच धरला. पहिल्याला ऐकायचं, दुसऱ्याला वाजवायचं. पुढे पाऊस थांबला, पत्रा वाळला, भात कापून झाला, तरी तुम्ही दोनदाच वाचत राहिलात.

आपल्या सगळ्या भांडणांचं मूळ हेच.

मी तुमच्या नादाला लागले ती कशी, आठवतं का? शिक्षकांच्या खोलीत मी डबा खात होते. तुम्ही समोर येऊन बसलात आणि म्हणालात, "मॅडम, विज्ञानाचे प्रश्न काढून द्याल का? मला भूगोलाच्या पलीकडं काही येत नाही." हे धादांत खोटं होतं. माझ्या पहिल्याच प्रश्नांतल्या दोन चुका तुम्ही काढल्यात, त्याही डबा संपायच्या आत, माझ्याच डब्यातली भाकरी मोडत. तेव्हा मी दर उन्हाळ्यात संस्थेकडे बदली मागायचे. या पावसात, या चढउतारात, जीपच्या टपावर माणसं बसतात अशा गावात मला राहायचं नव्हतं. आणि पुढच्या उन्हाळ्यात मी बदली मागितली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही कधी सांगितलं नाही की ते तुमच्या त्या फळीमुळे. तीन पोरं, एक खोली आणि भांडायला एक तयार माणूस, एवढ्यावर मी इथे राहिले. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता, म्हणून राहून गेलं.

ती फळी. राजूरच्या बाजारातून भंगारातल्या सायकलच्या घंटा आणून तुम्ही त्या स्क्रूने बसवल्यात. तीन पोरांना तीन, खणखणीत. आणि डाव्या कडेला चौथी, चेपलेली, जी वाजायची नाही, नुसती ठक्क करायची. ती तुमची. मी प्रश्न विचारायला बसले की तुम्ही बाकावर पोरांच्या शेजारी जाऊन बसायचात, गुडघे बाकात मावायचे नाहीत, आणि म्हणायचात, "आज मीपण स्पर्धक." नियमही तुमचेच. घंटा वाजली की वाचणाऱ्याने वाजवणाऱ्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय दिलेलं उत्तर धरायचं नाही. त्यामुळे मला भर खोलीत गंभीर चेहरा करून "वाकचौरे सर" असं पुकारावं लागायचं आणि पोरं फिदीफिदी हसायची.

आणि स्पर्धक म्हणून तुम्ही किती लबाड होतात. पोरांना दुसऱ्या वाचनाची शिस्त आणि स्वतः मात्र माझा प्रश्न अर्धाही व्हायच्या आत ठक्क. बहुतेक वेळा चुकायचात. मी एकदा चिडून विचारलं की हा कुठला न्याय. तुम्ही म्हणालात, "मी म्हातारा माणूस, मला घाई आहे. पोरांना कसली घाई?" तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य मला नको तिथे ऐकू येतं. फळा पुसताना, दळण आणताना.

दुसरं वाचन तुम्ही कागद न बघता करायचात, हे माझं दुसरं दुखणं. डोळे मिटून, तब्येतीत, आपल्या शब्दांत. प्रश्न दोन ओळींचा असेल तर तुमचा पाच ओळींचा व्हायचा, आणि त्यात अर्धं उत्तर येऊन जायचं. "हे फोडणं झालं," मी म्हणायचे. "याला समजावणं म्हणतात," तुम्ही म्हणायचात. "स्पर्धेत कुणी समजावत नाही." "म्हणून तर घरी समजावून पाठवायचं." असं ते कितीही लांबायचं. शेवटी शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुमचं दोघांचं झालं आसंल तर शाळा बंद करू का?"

मागच्या वर्षी नगरला काय झालं, त्यावरही आपलं कधी एकमत झालं नाही. जिल्ह्याची फेरी, मोठं सभागृह, माईक, प्रत्येक संघापुढे लाल दिव्याचा बझर. आपली पोरं नवीन कपड्यांत आखडून बसलेली. प्रश्न आला, "महाराष्ट्रातलं सर्वांत उंच..." आणि शहरातल्या एका शाळेचा दिवा लागला. "कळसूबाई." बरोबर. सर, आपल्या खोलीच्या खिडकीतून कळसूबाई दिसते. ओंकारचं आजोळ तिच्या पायथ्याशी आहे. प्रणाली नवरात्रात आईबरोबर वर देवीला जाऊन येते. तिघांचे हात बझरवर होते आणि तिघं दुसऱ्या वाचनाची वाट बघत होती. असे किती प्रश्न गेले. आपण शेवटून दुसरे आलो. येताना जीपमध्ये मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र राहुरीला उतरून सगळ्यांना उसाचा रस पाजलात आणि पोरांना विचारलंत, "येत होते ना सगळे?" पोरं म्हणाली, "व्हय सर, सगळे येत हुते." "मग झालं," तुम्ही म्हणालात. मला इतका राग आला होता की रस अर्धा टाकला.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी, शेवटच्या दिवशी, मी ठरवूनच आले होते. पोरं गेल्यावर मी म्हटलं, "सर, आता दुसरं वाचन बंद करा. तुमच्या हौसेपायी ही पोरं मागं राहतात. तिथं पाऊस नाही, पत्रा नाही. तिथं जो आधी वाजवतो तो जिंकतो." तुम्ही फळी उलटी करून चौथ्या घंटेचा स्क्रू बघत होतात. म्हणालात, "मॅडम, प्रश्नाचा जीव शेपटीत असतो. आधी वाजवायची सवय लागली की पोरगं अर्धंच ऐकतं. आयुष्यभर अर्धंच ऐकतं." मी म्हटलं, "आयुष्याचं नंतर बघू, डिसेंबरात स्पर्धा आहे." तुम्ही हसलात. फळी पिशवीत घातलीत, ही घंटा जरा वाजती करून आणतो म्हणालात. आणि दारातून वळून, "दिवाळीनंतर बोलू," असं म्हणालात.

तर दिवाळी झाली, सर.

मी बोलले ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. हे स्पष्ट सांगते, कारण माणूस गेला की लोक त्याचं सगळं पटवून घेतात आणि तुम्हाला असलं फुकटचं पटणं आवडायचं नाही. मला फक्त तुमचं पुढचं उत्तर हवं होतं. तुम्ही नक्की काहीतरी तयार करून आणणार होतात.

वहिनींना भेटायला गेले तेव्हा पडवीत बायका बसल्या होत्या. वहिनी मला आत घेऊन गेल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. म्हणाल्या, "घरीबी सगळं दोनदाच बोलायचे. च्या झाला का, म्हनायचे. मी व्हय म्हनायच्या आत परत, च्या झाला का. मला वाटायचं मला कमी ऐकू येतंय का काय." मग त्या थोडं हसल्या. "आता सकाळी कुनीतरी एकदाच बोलतंय असं वाटतं, मॅडम. एकदा आवाज आल्यासारखा व्हतो आन् मग पुढं न्हाई." मी त्यांचा हात धरून बसले. निघताना त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून दिली. आत फळी होती. चौथ्या घंटेचा स्क्रू तुम्ही सैल केला होता आणि तसाच ठेवला होता. दुसरं काही झालं नव्हतं. ती पहिल्यासारखीच चेपलेली, फक्त आता ढिली.

मी तो स्क्रू आवळला नाही. पेचकस कपाटात आहे. वर्गात कुणी दार आपटलं की कपाटातून ठक्क असा आवाज येतो. शिपाईमामा परवा म्हणाले, "सर हायेत जनू आत." मी त्यांना रागावले आणि मग बराच वेळ त्या कपाटासमोर उभी राहिले.

मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की या वर्षी नाव मागे घेऊ. पोरांना विचारलं. ओंकार खाली बघत राहिला. सानिया म्हणाली, "सरांनी नाव दिलंय. आता कसं काढायचं?" दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रणालीच पहिली खोलीत येऊन बसली.

मग माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो तुम्ही माझ्यावर का टाकून गेलात? पोरांना नगरला पुन्हा तसंच न्यायचं, तर ती पुन्हा हात बझरवर ठेवून हरणार. या वेळी त्यांना ते सोसायचं नाही. आणि सवय मोडायची, तर त्या थांबण्यात तुम्ही बसला आहात, तुम्हाला मीच उठवायचं. दुसरीकडे कुठे तुम्ही एवढे उरला नव्हतात. हजेरीपटावर दुसऱ्या सरांची सही आली. तुमचा कप कुणीतरी वापरायला घेतला. पोरांच्या कानात तेवढे होतात.

मी सवय मोडली, सर. एकदाच वाचायचं, थोडं थांबायचं, कुणी वाजवलं नाही की पुढचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात पोरांच्या हातून सगळे प्रश्न सुटून गेले. ओंकार आधी शिकला, त्याला हरायचा राग आहे. मग सानिया. ती डोळे माझ्या तोंडावर ठेवायची आणि शब्द ओठांवर यायच्या आत ओळखायची, बाजारात बापाच्या बांगड्यांच्या दुकानावर गिऱ्हाईक ओळखतात तसं. प्रणाली मात्र थांबायची. उत्तर येत असून थांबायची. एकदा मी आवाज चढवला. "वाजव की. कुणाची वाट बघतेस?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "पहिल्यालाच वाजवलं तर दुसरं कोन वाचनार, मॅडम? मग ते कधीच वाचायचं न्हाई."

त्या दिवशी मी सराव लवकर संपवला.

पण रोज ती जागा लहान होत गेली. प्रश्न संपल्यानंतरची ती शांतता आधी एवढी मोठी होती की तिच्यात माणूस मावत होता. मग एक श्वास राहिली. मग पापणी लवावी एवढी. घर आवरताना गेलेल्या माणसाचे कपडे एकेक करून देऊन टाकावेत, तसं काहीतरी मी करत होते आणि वरून पोरांना शाबास म्हणत होते. एका संध्याकाळी मी प्रश्न सुरू केला आणि तो पुरा व्हायच्या आत प्रणालीची घंटा खणकन वाजली. उत्तर बरोबर. ओंकारने टाळ्या वाजवल्या. मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिथे नुसती खुर्ची होती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. आपल्या वादात मी जिंकले होते, सर, आणि मला ते तुम्हाला सांगायचं होतं, तुमचं तोंड बघायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगण्यात काय अर्थ?

नगरला प्रणालीच्या वडिलांनी, मारुतीभाऊंनीच नेलं. त्यांनी जीप धुऊन आणली होती. निघताना ओंकार कपाटातून फळी घेऊन आला. वाटेत सराव करू म्हणाला. सराव काही केला नाही, पोरांना मळमळत होतं. फळी मागच्या सीटखाली पडून राहिली.

तेच सभागृह, तेच लाल दिवे. आपली पोरं पटापट वाजवत होती आणि मी मागच्या रांगेत हाताच्या मुठी करून बसले होते. शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवली नव्हती, तिथे एक गृहस्थ येऊन बसले आणि त्यांनी मला दोनदा विचारलं की तुमची शाळा कुठली. दोनदा. मी दचकलेच.

एक प्रश्न आला. "नगर जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण..." आणि ओंकारचा दिवा लागला. छाती पुढे काढून म्हणाला, "अकोले तालुका." भंडारदरा म्हणजे त्याच्या अंगणातलं. पण प्रश्न तो नव्हताच. वाचणाऱ्यांनी पुढे वाचलं, "...आहे, तर मुळा नदीवरचं धरण कोणत्या तालुक्यात आहे?" दुसऱ्या संघाने राहुरी म्हटलं आणि गुण नेले. माझं माहेर गेलं, सर. जीव शेपटीत असतो, असं मला स्वच्छ ऐकू आलं. मानेजवळ, मागून. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भिंत दिसली असती.

शेवटच्या प्रश्नाला आपण आणि शहरातली ती शाळा बरोबरीत होतो. वाचणाऱ्यांनी कागद उचलला. "अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडल्यामुळे डोंगराच्या..." आणि प्रणालीचा दिवा लागला.

क्षणभर मला वाटलं, घाई झाली. ती उभी राहिली. माईक जवळ ओढून म्हणाली, "पर्जन्यछायेचा प्रदेश."

बरोबर होतं. तुम्ही हा धडा शिकवताना दर वर्षी म्हणायचात, "पाऊस आपल्याला, सावली नगरला. आणि मॅडम त्या सावलीतून आल्यात." पोरं माझ्याकडे बघून हसायची. टाळ्या झाल्या, ढाल मिळाली, ओंकारने ती मिठीत धरली. फोटो काढताना पोरांना हसा म्हटलं तर ती हसली. मला वाटलं होतं येताना जीपमध्ये नुसता कल्ला असेल.

कुणी बोलत नव्हतं. राहुरी गेली. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती. मी मारुतीभाऊंना थांबायला सांगितलं आणि सगळ्यांना रस पाजला. या वेळी मी पूर्ण प्याले. पुन्हा गाडीत बसलो, पुन्हा तेच. संगमनेर मागे पडलं तेव्हा ऊन उतरत आलं होतं, समोर आपले डोंगर निळे दिसायला लागले होते. ढाल सीटवर आडवी पडली होती.

मग प्रणाली म्हणाली, "मॅडम, तो प्रश्न आर्धाच राह्यला."

"कुठला?"

"माझा. मी मधीच वाजवलं. पुढं काय हुतं ते त्यांनी वाचलंच न्हाई."

"अगं, उत्तर बरोबर आलं ना."

"व्हय. पन पुढं काय हुतं?"

मला माहीत नव्हतं. तिथे बसलेल्या कुणालाच माहीत नव्हतं. कागद त्या वाचणाऱ्यांबरोबर गेला. सानिया खिडकीतून बाहेर बघत होती. ती न वळताच म्हणाली, "तुम्ही वाचा ना मॅडम, दुसऱ्यांदा."

"माझ्याकडं कागद कुठाय?"

"सरांकडं तरी कुठं असायचा?"

मी चष्मा काढला. पदराच्या टोकाने पुसला. घसा खाकरला तेव्हा ओंकारला हसू येईल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. मी डोळे मिटले आणि तुमच्यासारखं, सावकाश, कुणाचं काही जळत नसल्यासारखं सुरू केलं.

"समुद्रावरून वारे येतात. येताना पाणी घेऊन येतात. मग वाटेत आपले डोंगर लागतात. वर चढता चढता वाऱ्यांना ओझं पेलवत नाही. ते सगळं आपल्याकडं रितं करतात. आपल्या खाचरांत, आपल्या पत्र्यावर. इतकं, की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मग ते डोंगर ओलांडून पलीकडं उतरतात, तेव्हा त्यांच्या हातात काही राहिलेलं नसतं. पलीकडं माझी राहुरी आहे, नगर आहे. तिथली माणसं वर बघतात. ढग दिसतो, पाऊस दिसत नाही. तर डोंगराच्या त्या बाजूला जो मुलूख राहतो, त्याला काय म्हणायचं?"

मी थांबले.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, दुपारीच देऊन झालं होतं. पण कुणी दिलं नाही. तिघं हात मांडीवर ठेवून बसली होती. आणि ती जागा आली, सर. मी इतक्या कष्टाने मिटवलेली ती सगळीच्या सगळी परत आली आणि जीपमध्ये आमच्यामध्ये बसली. मला भीती वाटली नाही. मी डोळे उघडले नाहीत.

अकोल्याच्या अलीकडे रस्त्यावर गतिरोधक आहे. मारुतीभाऊंना तो पाठ आहे, पण त्यांचंही लक्ष आमच्याकडे असावं. गाडी उडाली. मागच्या सीटखालून आवाज आला. ठक्क.

कुणी हललं नाही. ओंकारने हळूच वाकून सीटखाली पाहिलं आणि पुन्हा सरळ बसला. प्रणालीने माझ्या हातावर हात ठेवला.

"मॅडम," सानिया अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नाव घ्या ना."

घंटा वाजली की नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय उत्तर धरायचं नाही.

"वाकचौरे सर," मी म्हटलं.

मारुतीभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो.